पिवळी रेघ

"आता बसा आत आणि दाबा ब्रेक! का तेही मीच करू?" मिस्त्री खेकसला.

दाजी गाडीत शिरले. गुडघे स्टिअरिंगला अडले, तशी खाली चाचपडून त्यांनी सीट मागं सरकवली आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल लोण्यात रुतावं तसं पार तळाला गेलं.

"बघ. हेच झालं त्या दिवशी," दाजी म्हणाले.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्याच आठवड्यात या जुन्या गाडीचे ब्रेक त्यानं स्वतःच्या हातानं केले होते. चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून पेडल दगडासारखं कडक करून दिलं होतं. बहिणीची गाडी म्हणून अर्धा दिवस जास्तच घातला होता. आणि परवा याच गाडीनं एका सायकलवाल्याला उडवलं. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दाजींनी सरळ जबाब लिहून दिला, 'ब्रेक लागलाच नाही. मेव्हण्यानं नुकताच दुरुस्त केला होता.'

उपकाराची फेड म्हणतात ती ही!

बातमी वाऱ्यासारखी पसरली. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या तशाच परत घेऊन गेली होती. बाबांनी चाळीस वर्षं चालवलेलं गॅरेज आणि त्यांचं नाव, दोन्ही आज मातीत जायची वेळ आली होती. सकाळी ओढून आणलेली गाडी तपासायला बारा वाजता मोटार वाहन निरीक्षक येणार होते. तोवर बघा हवं तेवढं, पण एकाही नटाला पाना लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

साडेअकरा झाले होते.

"परत दाबा. भराभर, चार-पाच वेळा."

पेडल हळूहळू वर आलं.

"आता तसंच धरून ठेवा. खाली जातंय?"

"नाही."

"मग तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर ठणठणीत आहे. पाइपांवर ओल नाही, चाकांच्या आतून एक थेंब गळत नाही. म्हणजे ब्रेकच्या लायनीत हवा शिरलीय. आणि हवा काही आभाळातून पडत नाही, दाजी!"

दाजींनी समोरच्या काचेकडे बघितलं.

कोपऱ्यातल्या बाकावर ताई बसली होती. तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. दोन दिवसांत बिचारी निम्मी झाली होती. मिस्त्रीला तिच्या नवऱ्याचा जेवढा राग येत होता, तेवढीच तिची कीव येत होती.

"ताई, खाली अंधार आहे, ती बॅटरी दे."

तिनं उठून बॅटरी त्याच्या हातात दिली. नखांवरचा जांभळा रंग अर्धाअधिक उडाला होता. नेहमी नीटनेटकी राहणारी ताई! मिस्त्रीनं मनातल्या मनात दाजींना आणखी एक शिवी हासडली आणि तो गाडीखाली सरकला.

त्याच्या घराण्याची एक खोड होती. नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि चोर सापडतो. रेघ ओढल्याशिवाय हात पुसायचा नाही, ही सवय बाबांनी दोन्ही पोरांना पट्टी मारमारून लावली होती. ताईचा पाना लग्नाबरोबर सुटला. मिस्त्रीनं मात्र आजवर एक रेघ चुकवली नव्हती.

पुढच्या दोन्ही चाकांपाशी ब्रेकची हवा काढायच्या नटांवरच्या रेघा शाबूत होत्या. मागच्या उजव्या चाकाची शाबूत. मागचं डावं चाक राहिलं होतं. त्यानं बॅटरी तिकडे वळवली.

रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा दुसरीकडे.

तो बाहेर आला तो फणफणतच.

"हा नट कुणीतरी उघडलाय! मी आवळल्यानंतर! उघडून, पेडल मारून आत हवा ओढलीय आणि परत बंद केलाय. गाडी दोन दिवस तुमच्या अंगणात होती. बोला की, दाजी! आता का दातखीळ बसली?"

दाजी गाडीतून उतरले. त्यांनी एकदा ताईकडे बघितलं.

"मी उघडला," ते म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला स्टेपनी बदलता येत नाही! कुणाला बोलावलं होतंत? कुठला भाडोत्री मिस्त्री?"

"कुणी नाही. मीच. सांग त्यांना तसं."

"सांगणारच! चांगला ब्रेक असताना माणसाला उडवलंत आणि वर माझ्या गळ्यात दगड बांधलात!"

"जाऊ दे ना रे," ताई कशीबशी म्हणाली. "किती ताणशील?"

"जाऊ दे? तो माणूस सहा महिने उभा राहायचा नाही, ताई! बाबांच्या नावाला काळं फासलं, आणि जाऊ दे? तू याला पाठीशी घालू नकोस. ज्यानं हा नट उघडला त्याचं नाव मी निरीक्षकांना तोंडावर सांगणार. सख्ख्यातला सख्खा असला तरी सांगणार. बाबांची शपथ!"

ताई परत बाकावर जाऊन बसली. दाजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ते पाहून मिस्त्रीचं डोकं आणखीच फिरलं. काय हा माणसाचा निर्लज्जपणा!

बाहेर मोटरसायकल थांबली. निरीक्षक बाराच्या आधीच आले होते.

"या साहेब!" मिस्त्री मोठ्यानं म्हणाला. "चोर सापडलाय. एक मिनिट, तुम्हाला नीट दाखवतो."

बॅटरी घेऊन तो पुन्हा गाडीखाली शिरला. पुरावा कुठून स्पष्ट दिसेल ते बघायला त्यानं मान वाकडी करून नटाच्या मागच्या बाजूला उजेड टाकला.

तिथं आणखी एक रेघ होती. अर्धी नटावर, अर्धी लोखंडावर, कुठंही न तुटलेली, बाबांनी शिकवली होती तशी सरळ. आणि तिचा रंग जांभळा होता.