फलाटावरची मातीची माणसं

रंगूनवर बॉम्ब पडल्यावर तिथून जयतीर्थ रानं तुडवत तंजावूरला आईकडे पोचला, पण आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. नवरात्र आलं तशी आईनं पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडला आणि त्याची लहानपणीची पत्र्याची आगगाडी ठेवून स्टेशन केलं. फलाटावर मातीची माणसं उभी केली, पाहुण्यांना दिसावीत म्हणून सगळ्यांची तोंडं दाराकडे. खांबाशी बसलेला जयतीर्थ उठला आणि एकेकाला गाडीकडे वळवू लागला. “गाडी आल्यावर इकडं कोण बघेल, अम्मा?” तो म्हणाला. “आपलं माणूस उतरतं का, ते बघतात.” रडलं तर तो पुन्हा गप्प होईल, म्हणून आईनं डोळे न पुसता मातीचा हमाल उचलला. हातातला हमाल तिनं मुद्दाम भिंतीकडे वळवून ठेवला. “हा बरा दिसतो काय रे?” “नाही, अम्मा,” जयतीर्थ म्हणाला आणि हमाल कुठं उभा राहतो ते समजावू लागला.