परीक्षा झाली की येते

फोन लावण्याआधी ठमीनं वरच्या खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली आणि दारही ओढून घेतलं. बाहेरचा आवाज फोनमध्ये गेला की बाबा चौकशा करत बसत आणि मुख्य बोलणं राहून जाई.

आज तिचं बोलण्यात लक्ष नव्हतंच म्हणा. खालच्या खोलीत गेलेलं ताट कालपासून जसंच्या तसं परत येत होतं. मघाशी डॉक्टर सांगून गेले होते, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात हलवा, नाकातून नळी घालावी लागेल.

बऱ्याच वेळानं बाबांनी फोन उचलला.

“ठमे, तूच ना?”

“मीच, बाबा.”

ठमी हे बाबांनीच पाडलेलं नाव. कॉलेजात ते कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून तिनं जिवाचं रान केलं होतं. आता त्याच हाकेसाठी ती रविवारची वाट बघायची.

“तिकडे किती वाजले?”

तिनं मनात हिशेब केला. “आत्ताच उजाडलंय.”

“थंडी?”

“आहे की. तुम्ही दिलेला स्वेटर घालते.”

बंद खोलीत कोंदट झालं होतं. तिनं मानेवरचे केस वर बांधले.

मग नेहमीची उजळणी झाली. ग्रंथालयात बसायला जागा मिळते का, घरमालकीण अजून गरम पाण्यावरून बोलते का, वर्गात कुणी मैत्रीण मिळाली का. बाबा दर रविवारी तेच विचारत आणि ठमी न कंटाळता तेच सांगे. त्यात बनवाबनवी काहीच नव्हती, सगळं तिनं सोसलेलं होतं. परदेशातल्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी तिला काहीतरी विचारलं, सगळा वर्ग तिच्याकडे वळला आणि तिला एक अक्षर कळलं नाही. त्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. पाणी वाया घालवलं म्हणून घरमालकिणीची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

“एका सत्राचा तर प्रश्न आहे,” असं म्हणत बाबांनी तिला निरोप दिला होता. ती आत गेल्यावर स्वतः मात्र विमानतळाच्या पायरीवर मटकन बसले होते. हे आईनं मागाहून सांगितलं होतं.

“तुम्ही जेवलात?” तिनं विचारलं.

“जेवलो की. ताट चाटूनपुसून साफ केलं.”

ठमीनं डोळे मिटून घेतले. बाबांना थाप मारणं कधी जमलंच नव्हतं.

“आवाज का असा तुझा?” बाबांनी विचारलं.

सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण बाबांनी विचारलं आणि तिला राहवलं नाही.

“इथे घरात एक आजोबा आहेत, बाबा. त्यांचं सगळं मीच बघते. कालपासून घास घेत नाहीत. डॉक्टर म्हणतात नळी घालू.”

“तू शिकायला गेलीस की म्हातारे सांभाळायला?”

“दोन्ही.”

“त्यांना पोरंबाळं नाहीत?”

“एक मुलगी आहे. लांब असते.”

“मग तिची वाट बघत असणार म्हातारा. घशाखाली कसं उतरेल?”

“मी खूप सांगून पाहिलं. पण मला ओळखतच नाहीत ते. रोज विचारतात, बाई, तुम्ही कोण?”

“मग रोज सांग. तुझं काय जातंय?” बाबा हसले. मग हळूच म्हणाले, “चिडतेस का त्यांच्यावर?”

“काल चिडले. ताट आपटलं.”

“असू दे, होतं असं. पुन्हा नको आपटू. कुणाचा तरी बाप आहे तो.”

हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून तिनं फोन लांब धरला. तो पुन्हा कानाला लावला तेव्हा बाबा बोलतच होते.

“तू लहानपणी तोंड मिटून बसायचीस, तेव्हा मी कधी जेव म्हटलं का? तुझ्याच ताटात हात घालायचो. सगळं मीच संपवतो म्हटलं की लागलीच ताट ओढायचीस. म्हाताऱ्याला तसंच कर.”

“करते.”

“आणि ठमे, येतेस कधी?”

दर रविवारी बोलणं इथेच येऊन थांबे. “परीक्षा झाली की येते, बाबा.”

“ये. मी कुठे जातोय?”

तिनं फोन ठेवला. मग चष्मा पुसला, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि जिना उतरली. मऊ भात पुन्हा गरम केला आणि ताट घेऊन खालच्या खोलीत गेली.

आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते. ताट दिसताच त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

ती समोर खुर्ची ओढून बसली, ताट मांडीवर घेतलं आणि स्वतःच जेवायला लागली.

“छान झालाय भात,” ती म्हणाली. “मीच संपवते सगळा.”

त्यांची नजर ताटावर खिळली. जरा वेळानं एक हात पुढे आला आणि त्यानं ताट ओढलं. तिनं घास भरवला, तो त्यांनी गिळला. दुसराही गिळला. तिसऱ्या घासाला ते थांबले, दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले,

“बाई, आत्ताच आमच्या ठमीचा फोन आला होता. तिकडे कुणी म्हातारा जेवत नाही म्हणून रडकुंडीला आलीय पोर.”