एक नमुना कमी

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनावरचा लेख पाठवायला दोनच आठवडे उरले होते, आणि संचालक गजभियेबाईंच्या तक्त्यात एक नमुना कमी भरत होता.

"बेरीज मी बसवतो, मॅडम," सहायक ढोबळे म्हणाले.

बाईंनी ऐकलं नाही. शेवटी कपाटामागे चार वर्षं पडून राहिलेला, रक्ताचे डाग असलेला शर्ट सापडला. मटणाच्या दुकानात काम करणारा आरोपी ते रक्त बकऱ्याचं असल्याचं तुरुंगातून सांगत होता. तपासणीला अर्धा दिवस लागला. रक्त बकऱ्याचंच निघालं. माणूस सुटला.

लेखात बाईंनी हे सगळं लिहिलं. संपादकांनी कळवलं, 'तेवढा परिच्छेद वगळल्यास लेख छापू.'

"वगळू?" ढोबळ्यांनी विचारलं.

"त्याची चार वर्षं गेली. आपला लेख गेला तरी चालेल."

ढोबळ्यांनी दुसऱ्या नियतकालिकाचा पत्ता शोधायला घेतला.