दुसऱ्या भागाचं तिकीट

"चौथा भाग पहिल्या नंबरवर? अक्कल गहाण ठेवलीस का रे?" दादा बॅग भरताना खेकसला. आमच्या कपाटाच्या दारावर एकाच सुपरहिरोच्या सात सिनेमांची तिकिटं चिकटवलीत, सगळ्यात भारी तो वर. दोघांना पटलं तरच तिकीट हलवायचं. दुसरा भाग वर ठेवून दादा पाच वर्षं अडून बसलाय. "त्यात व्हिलन तरी धड आहे का?" मी भडकलो. बाहेर बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. सकाळच्या भांडणापासून त्यांचा दादाशी अबोला. "मित्राकडे जातोय, परवा येतो," दादा म्हणाला. मग त्यानेच चौथ्याचं तिकीट काढून सगळ्यात वर लावलं. "घे, तुझंच खरं." मी खोलीभर नाचलो. तो गेल्यावर तिकिटं मोजली, तर सहाच. दुसऱ्या भागाचं दादाने नेलंय. परवा येणारा माणूस तिकीट कशाला नेईल? दादाची बस सुटायला दहा मिनिटं आहेत. निघतो मी.