जंतांची चौकशी

"जंत पडले का रे?" समोरच्या खोलीत एकट्याच राहणाऱ्या सिंधूकाकूंनी सोललेल्या लसणाची वाटी पुढे करत विचारलं.

"अजून नाही, काकू."

जंत डॉक्टरांच्या गोळीनं कधीच गेले होते. पण या शहरात माझी चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी रोज गुळाबरोबर कच्चा लसूण चावायचो. वासामुळे ऑफिसात शेजारी कोणी बसायचं नाही. आधीही बसायचं नाही. आता निदान कारण होतं.

लसणानं शेवटी तोंड आलं, तेव्हा खरं सांगून टाकलं. "काकू, जंत गेले."

काकूंनी वाटीकडे पाहिलं. "सगळे?"

त्यांच्या नखांत लसणाची सालं अडकली होती.

"एखादा राहिला असेल," मी म्हणालो.

"राहतोच की." काकूंचा चेहरा खुलला. "उद्यापासून दोन पाकळ्या वाढवू."