छातीचा फोटो

दगडी फरशा घासायच्या कारखान्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मागून मागून माणसं थकली, तेव्हा कुठे अलीकडे तिथे धूळ ओढून घेणारं यंत्र बसलं. त्याआधीही मास्क लावल्याशिवाय तो घासायच्या यंत्राजवळ फिरकायचा नाही. बायकोची तशी सक्त ताकीदच होती. तरी बरोबरीचे दोघे खोकून खोकून अंथरुणाला खिळले, तेव्हापासून त्याच्याही जिवाला घोर लागला होता.

कारखान्याने कामगारांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी ठेवली. "मला काय धाड भरलीय? तुमचं बघा आधी," असं कुरकुरत बायकोनेही छातीचा फोटो काढून घेतला आणि ती बाहेर बाकावर जाऊन टेकली.

डॉक्टरांनी त्याचा फोटो उजेडाला धरला. "काका, छाती स्वच्छ आहे. निर्धास्त राहा."

इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. बायकोला सांगायला तो उठला, तेवढ्यात डॉक्टरांनी दुसरा फोटो उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"थांबा जरा. तुमच्याबरोबर आलेल्या या बाईंच्या फुप्फुसात दगडाची धूळ साचलीय. बरीच वर्षं साचत आलीय. कोणत्या खात्यात आहेत या?"

"ती कारखान्यात नसते हो, डॉक्टर. घरीच असते," तो म्हणाला, आणि त्याने बाहेर बाकावर बसलेल्या बायकोकडे बघितलं.

 

"रोज माझे कामाचे कपडे झटकून धुते."