कोपऱ्यातलं टेबल

"सर्वेश, घाटकोपरचं पार्सल परत मुलुंडच्या गोणीत?" सुपरवायझर संघमित्रा मॅडमचा आवाज भांडुपच्या अख्ख्या गोडाऊनमध्ये घुमला. "आणि अक्षता, तुझंही तेच! लग्न झाल्यापासून नवरा-बायकोचं लक्ष असतं कुठे?"

शिक्षा ठरलेली होती. ज्याची चूक, त्यानं शिफ्ट सुटल्यावर कोपऱ्यातल्या टेबलावर बसून चुकलेली पार्सलं पुन्हा लावायची. दोघं मान खाली घालून बसली. बेल्टवर काम करताना बोलायला बंदी, आणि घरी एकाच खोलीत सासू-सासरे, दीर, नणंद. कोपऱ्यात मात्र कोणी फिरकायचं नाही. दोघं सावकाश पार्सलं लावायची, सावकाश बोलायची.

हे रोजचंच व्हायला लागलं तेव्हा मॅडमनी दम भरला. "वरच्यांना कळलं ना, तर दोघांनाही काढून टाकतील. मग बसा घरी!"

दुसऱ्या दिवशी सर्वेशनं प्रत्येक पत्ता दोनदा वाचून पार्सल टाकलं. तरी शिफ्ट सुटताना मॅडम आल्याच. "गोराईचं पार्सल कांजूरच्या गोणीत! चला, बसा दोघं कोपऱ्यात."

"वेडा आहेस का रे?" टेबलाशी बसताच अक्षता कुजबुजली. "नोकरी जाईल ना! आज कशाला मुद्दाम टाकलंस?"

"आईशपथ, मी नाही टाकलं. मला वाटलं, तूच."

"मी पण नाही."

दोघांनी एकदम काचेच्या केबिनकडे पाहिलं. मॅडम खुर्ची फिरवून, त्यांच्याकडे पाठ करून निवांत चहा पीत बसल्या होत्या.